काढून घेतलेली टीप आणि दिलेलं पाकीट: एका क्रूझ सफरीचा हिशेब

सफरीच्या पाचव्या रात्री जेवण उरकून आम्ही सगळे वरच्या डेकवर वारा खात बसलो होतो. भावोजींनी सहज म्हणून फोनवर जहाजाचं ॲप उघडलं आणि खात्यावर काय काय पडलंय ते वाचायला लागले. थोड्या वेळाने त्यांनी चष्मा वर सरकवला.

"हे तीनशे साठ डॉलर कसले रे?"

मी फोन हातात घेतला. त्यांच्या केबिनमधली चार माणसं, माणशी रोज १८ डॉलर, असे पाच दिवस. नोंदीपुढे लिहिलं होतं 'डेली ग्रॅच्युइटी'. आई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "ग्रॅच्युइटी तर रिटायर झाल्यावर मिळते ना?" सगळे हसले. भावोजी तेवढे हसले नाहीत.

जहाजावर ग्रॅच्युइटी म्हणजे टीप. पुढच्या दोन दिवसांत आमच्या घरात टीप या विषयावर जेवढी चर्चा झाली, तेवढी त्याआधीच्या दहा वर्षांत झाली नसेल. त्यात कुणी कंजूस नव्हतं की कुणी लबाड नव्हतं. एक चांगला, हात सैल असलेला माणूस चांगल्या हेतूने चुकीच्या जागी गेला, एवढंच. म्हणून हे प्रकरण तपशिलात लिहितो आहे.

कोण, किती, कसं

सात रात्रींची सफर आणि आम्ही नऊ जण: मी, बायको आणि मुलगा, ताई, भावोजी आणि त्यांच्या दोन मुली, आई आणि आत्या. तीन केबिन एकाच कॉरिडॉरमध्ये, त्यामुळे तिन्हींना एकच स्टुअर्ड, म्हणजे केबिन आवरणारा माणूस. रात्रीच्या जेवणाला मुख्य डायनिंग रूममध्ये ठरलेलं टेबल, एक वेटर आणि त्याच्या हाताखाली एक असिस्टंट.

बुकिंग मी केलं होतं. भाडं दिसतं त्यात ही रोजची रक्कम धरलेली नसते. ती आधी भरायची की जहाजावर रोजच्या रोज खात्यावर पडू द्यायची, असा एक पर्याय बुकिंगच्या वेळी समोर येतो. मी 'नंतर बघू' म्हणून तो तसाच सोडला आणि घरात कुणाला त्याबद्दल बोललोही नाही. माणशी रोज १८ प्रमाणे नऊ जणांचे सात दिवसांचे ११३४ डॉलर होतात. एवढी रक्कम माहीत असून मी गप्प राहिलो, हा या प्रकरणातला पहिला दोष आणि तो माझा. रक्कम आधीच भरलेली असती तर ती भाड्यातच जिरली असती आणि पाचव्या रात्री कुणाचा चष्मा वर गेला नसता.

आमच्या जहाजाचा आकडा काही जगावेगळा नव्हता. २०२५ च्या सुमारास रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर साध्या केबिनला माणशी रोज १८.५० डॉलर आणि नॉर्वेजियन या दुसऱ्या कंपनीच्या जहाजांवर २० डॉलर पडत होते. सुइटला त्याहून जास्त. मोठ्यांना जो दर, तोच साधारणपणे मुलांनाही.

भावोजींचं म्हणणं

त्यांचे मुद्दे तीन होते आणि तिन्ही मी तेव्हा खोडू शकलो नाही. पहिला: टीप मनाने द्यायची असते, खात्यावर आपोआप पडते ती टीप कसली? दुसरा: हे पैसे कुणाला जातात ते मला दिसत नाही, ज्याने माझं काम केलं त्याच्या हातात मी स्वतः देईन. तिसरा: सात वर्षांची धाकटी अर्धं ताट टाकून उठते, तिच्यासाठी रोजचे १८ डॉलर कशाला?

वर एक चौथी गोष्ट होती, जी ते मोठ्याने म्हणाले नाहीत. आमच्या टेबलावरचा असिस्टंट वेटर त्यांच्या डोक्यात गेला होता. आई अंडं खात नाही हे सांगूनही पहिल्या दोन रात्री तिच्यापुढे अंडं घातलेलं गोड आलं होतं. त्याला कशाला फुकट पैसे, असं त्यांच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर गेले. तिथल्या मुलीने एकच प्रश्न विचारला: सेवेबद्दल काही तक्रार आहे का? हे म्हणाले, नाही, मी ज्याचं त्याला देणार आहे. दोन मिनिटांत त्यांच्या केबिनची रक्कम निघाली, आधीची पाच दिवसांची आणि पुढची दोन दिवसांचीही. मिळून ५०४ डॉलर.

परत आले ते जिंकल्यासारखे. "बघ, इतक्या सहज काढतात. म्हणजे उगाचच लावलेली असणार."

काढता येते म्हणजे ती उगाच लावली आहे, हा निष्कर्ष ऐकायला बरोबर वाटतो. बहुतेक प्रवासी इथेच घसरतात असं मला वाटतं. ही रक्कम काढणं सोपं ठेवलं आहे, कारण कागदोपत्री ती ऐच्छिक आहे. पण जे कागदावर ऐच्छिक, ते कुणाच्या तरी पगाराचा भाग असूच शकत नाही असं थोडंच आहे?

पाकिटांच्या काळापासून आजपर्यंत

पूर्वी क्रूझवरची पद्धत अगदी भावोजींना हवी तशीच होती. रोज एकच टेबल, एकच जेवणाची वेळ, तोच वेटर, तोच असिस्टंट. शेवटच्या रात्रीआधी केबिनमध्ये कोरी पाकिटं यायची आणि कुणाला साधारण किती द्यावं याचा कागदही. स्टुअर्ड, वेटर, असिस्टंट, हेड वेटर असं एकेकाला पाकीट हातात द्यायचं. दिसायला छान पद्धत. पण शेवटच्या रात्री डायनिंग रूममधली बरीच टेबलं रिकामी दिसायची. आठवडाभर तिथे जेवलेली माणसं त्या एका रात्री बुफेत जायची, म्हणजे पाकिटाचा प्रश्नच नको.

मग जेवणाची रीतच बदलली. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली 'फ्रीस्टाइल' पद्धत आणली: ठरलेलं टेबल नाही, ठरलेली वेळ नाही, वाटेल तिथे वाटेल तेव्हा जेवा. रोज वेगळं रेस्टॉरंट, रोज वेगळा वेटर. मग पाकीट द्यायचं कुणाला? म्हणून माणशी रोज ठराविक रक्कम थेट खात्यावर टाकायची आणि ती कंपनीने ठरलेल्या प्रमाणात वाटायची, ही पद्धत रुळली. ठरलेलं टेबल ठेवणाऱ्या कंपन्यांनीही हळूहळू तीच उचलली.

या बदलाने एक गोष्ट झाली, तिची प्रवाशांना फारशी कल्पना नसते. पाकिटांच्या काळात पैसे फक्त समोर दिसणाऱ्यांना मिळायचे. आता त्या रकमेत न दिसणारेही आहेत: तळाच्या डेकवर चादरी-टॉवेल धुणारे, स्वयंपाकघराच्या मागे भांडी घासणारे, बुफेची टेबलं पुसणारे. नेमकं कोण किती वाटेकरी हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. लहान मुलांच्या क्लबमधली माणसं किंवा स्पा यांचा हिशेब बहुतेक ठिकाणी वेगळा असतो. पण भावोजींच्या धाकटीने अर्धं टाकलेलं ताटही कुणीतरी घासतंच. तिच्या १८ डॉलरचं उत्तर मला पुढे याच ताटात सापडलं.

आता पगाराकडे येऊ. ही जहाजं बहुतेक बहामाज, पनामा, माल्टा अशा देशांच्या किंवा बर्म्युडाच्या झेंड्याखाली नोंदलेली असतात. कंपनीचं कार्यालय अमेरिकेत असलं तरी परदेशी झेंड्याच्या जहाजावरच्या माणसाला अमेरिकेचा किमान वेतन कायदा लागत नाही. लागू होतो तो आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००६ चा सागरी श्रम करार, जो २० ऑगस्ट २०१३ पासून अमलात आला. त्यात कामाच्या तासांना मर्यादा आहे: कंपनी कामाचे तास मोजत असेल तर २४ तासांत जास्तीत जास्त १४ आणि आठवड्यात ७२, विश्रांतीचे मोजत असेल तर २४ तासांत किमान १० आणि आठवड्यात ७७. वाचताना या मर्यादा संरक्षण वाटतात. पण सुट्टीशिवायचे काही महिने सलग, रोज दहा-बारा तास, असं डोळ्यांपुढे आणलं की त्यांचा दुसरा अर्थ कळतो.

त्याच संघटनेची समिती अनुभवी खलाशासाठी किमान मूळ वेतनाचा आकडाही ठरवते. १ जानेवारी २०२५ पासून तो महिन्याला ६७३ डॉलर होता. आणि तो डेकवरच्या खलाशासाठी आहे, केबिन आवरणाऱ्या किंवा जेवण वाढणाऱ्या माणसासाठी नव्हे. त्यांच्या करारात टीपचा वाटा हा उत्पन्नाचा मोठा भाग धरलेला असतो. ज्याला आपण वरकमाई समजतो, ती त्यांची मूळ कमाई असते. टीप हा शब्दच इथे दिशाभूल करतो. रोजची रक्कम हे खरं तर सेवाशुल्क आहे, फक्त आपण ते बक्षिसाच्या नावाने भरतो.

भावोजींच्या मनात 'टीप' म्हणजे शाबासकी. जहाजाच्या व्यवस्थेत 'टीप' म्हणजे वेतनाचा तुकडा. दोघं एकच शब्द वापरत होते आणि दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते.

आत्याचं स्टूल

शाबासकी द्यावी असं या सफरीत खरोखर घडलं होतं.

आत्याचे गुडघे धरलेले. केबिनमधलं न्हाणीघर एवढंसं, उंबरा उंच. पहिल्या दिवशी ती टॉवेलच्या दांडीला धरून आत-बाहेर करत होती. आम्हाला कुणाला ते दिसलंही नाही. आईला दिसलं असेल, पण तिला त्याची सवय झाली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुअर्ड आवरायला आला तेव्हा त्याने ती दांडी किंचित सैल झालेली पाहिली असावी. दुपारी आम्ही परत आलो तर शॉवरखाली प्लॅस्टिकचं स्टूल, उंबऱ्यापाशी न घसरणारी मॅट आणि दांडी घट्ट बसवलेली. कुणी मागितलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. त्याने आत्याला एवढंच विचारलं, "उंची बरोबर आहे का?" आत्याला इंग्रजी येत नाही. तिने बसून दाखवलं आणि मान डोलावली.

त्यानंतर रोज संध्याकाळी तो तिच्या बाजूचा दिवा लावून ठेवायचा, कारण पलीकडचं बटण तिला लांब पडत होतं. ताईच्या मुलींच्या पलंगावर टॉवेलची घडी घालून केलेला हत्ती, माकड वगैरे असायचं. ते सगळीकडेच करतात. दिवा सगळीकडे लावत नाहीत.

भावोजींचं पहिलं पाकीट याच माणसासाठी होतं: ८० डॉलर. वेटरला शेवटच्या रात्री ६०, असिस्टंटला नाइलाजाने ४० द्यायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. मिळून १८०. काढून घेतलेले ५०४. उरलेले ३२४ कुठे राहिले हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नव्हता आणि मीही सहाव्या संध्याकाळपर्यंत त्यांना विचारला नाही. त्यांना पैसे वाचवायचे नव्हते. फक्त हातातल्या नोटा दिसत होत्या आणि न पडलेली रक्कम दिसत नव्हती, म्हणून त्यांना आपण जास्त देतोय असंच वाटत होतं.

स्टुअर्डने पाकीट घेतलं, छातीला हात लावला, आभार मानले. भावोजी खूश.

काउंटरवरची पाच मिनिटं

सहाव्या दिवशी संध्याकाळी मी त्याच काउंटरवर गेलो, ते सुट्या नोटा घ्यायला. (ज्यांना कुणाला द्यायचं आहे त्यांनी नाणी देऊ नयेत. जहाजावरच्या माणसाला परक्या देशाची नाणी बदलून घेता येत नाहीत, त्याच्या कपाटात ती नुसती साठतात.) गर्दी नव्हती. मी सहज विचारलं की एखाद्या केबिनने रोजची रक्कम काढली आणि हातात रोख दिली तर काय होतं?

ती मुलगी क्षणभर थांबली. मग तिने सांगितलं ते असं: या जहाजावर ज्या केबिनची रक्कम चालू आहे, तिथून वर मिळालेली रोख ज्याची त्याच्याकडे राहते. ज्या केबिनने रक्कम काढली आहे, तिथून मिळालेली रोख कर्मचाऱ्याने जमा करून सगळ्यांच्या वाट्यात टाकायची असते.

"त्यांना कळतं कुणी काढली ते?"

"त्यांच्या सुपरवायझरला यादी असते."

असा नियम अनेक कंपन्यांत आहे. सगळीकडे असेलच असं नाही, म्हणून काही करण्याआधी विचारून घ्यावं हे उत्तम. नियम ऐकायला कठोर वाटतो खरा. पण नाहीतर काय झालं असतं? प्रत्येक प्रवासी भावोजींसारखं करायला लागला असता तर केबिन आणि टेबलवाल्यांचं बरं चाललं असतं, आणि तळाच्या डेकवर चादरी धुणाऱ्यांना काहीच मिळालं नसतं.

मी भावोजींना बाजूला घेऊन हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले.

"म्हणजे मी त्याच्या हातात ऐंशी ठेवले, आणि ते त्याच्या हातात राहणारच नाहीत?"

"तसंच दिसतंय, भावोजी."

"आणि तो घेताना काहीच बोलला नाही."

"तो काय बोलणार? त्यांना टीपबद्दल प्रवाशाशी बोलायची परवानगी नसते."

ताई इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, स्टूल आणलं तेव्हाही तो काही बोलला नव्हता." यावर भावोजींकडे उत्तर नव्हतं. ते उठले, काउंटरवर गेले, चारही जणांची रक्कम परत चालू करून आले. आधीचे दिवसही धरून पूर्ण ५०४. खातं शेवटच्या रात्री बंद होण्याआधी हे करता येतं. जहाज सोडल्यावर मग पत्रव्यवहार.

परत आल्यावर मात्र त्यांनी एक गोष्ट ठणकावून सांगितली. "मी चूक केली, मान्य. पण कंपनी हे भाड्यातच का नाही धरत? मी पगार देतोय तर सरळ पगार म्हणून घ्या."

इथे ते बरोबर आहेत आणि मी त्यांच्या बाजूने आहे. भाड्यात धरणाऱ्या कंपन्या आहेतच: रीजेंट सेव्हन सीज, सिल्व्हरसी, सीबोर्न यांच्या भाड्यात टीप धरलेली असते. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ मध्ये रोजची ही रक्कम बंदच केली. म्हणजे हे होऊ शकतं. स्वस्त भाडं दाखवून मागून १८ डॉलर लावणं ही विक्रीची युक्ती आहे हे म्हणायला मला काहीच अडचण नाही. पण त्या युक्तीबद्दलचा राग काउंटरवर काढला की तो कंपनीपर्यंत पोहोचत नाही; मधल्याच माणसाच्या वाट्याला येतो. मुद्दा बरोबर होता, पत्ता चुकला होता.

बारमधली उलटी चूक

दुसऱ्या टोकाला याच भावोजींनी जास्त पैसे दिले होते, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. आमच्या जहाजावर बारच्या प्रत्येक पावतीवर १८ टक्के आधीच लावलेले असायचे. १२ डॉलरचं पेय, वर २.१६, एकूण १४.१६. त्याखाली सहीच्या आधी एक रिकामी रेघ असते, 'ॲडिशनल' असं लिहिलेली. भावोजी प्रत्येक वेळी तिथे २ लिहीत होते, कारण रेघ रिकामी ठेवणं त्यांना अपमानास्पद वाटायचं. म्हणजे बारा डॉलरवर ४.१६, जवळपास पस्तीस टक्के.

बारमनला त्याचा आनंदच झाला असणार, त्याला नाव ठेवायचं कारण नाही. पण त्यांना ठाऊक असतं तर त्यांनी ते मुद्दाम, निवडून केलं असतं. ड्रिंक्स पॅकेज घेतलेल्यांनाही टक्केवारी पॅकेजच्या किमतीतच लागते. वर दिलेला डॉलर हा मग खराखुरा वरचा. स्पातही तसंच, बिलात आधीच लावलेलं असतं. बंदरावर उतरल्यावर बॅगा उचलणारे हमाल आणि सहलीचे गाइड मात्र जहाजाचे कर्मचारी नसतात, त्यांना रोजच्या रकमेतून काही जात नाही. कॅप्टन आणि अधिकाऱ्यांना टीप द्यायची नसते. हात मिळवला तरी पुरे.

असिस्टंट वेटरचं काय झालं

भावोजींना हे पटत नव्हतं की खराब सेवेलाही तेवढेच पैसे. त्यावर ताईने जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शहाणं पाऊल वाटतं आणि ते तिने तिसऱ्या रात्रीच केलं होतं, कुणाला न सांगता. ती जेवणानंतर हेड वेटरकडे गेली आणि शांतपणे दोन रात्रींचं सांगितलं. त्याने लगेच दुसऱ्या दिवसाचा मेन्यू आणून दिला. चौथ्या रात्रीपासून आईचं जेवण आदल्या रात्रीच नोंदवलं जायला लागलं. त्यानंतर एकदाही चूक झाली नाही. तो पोरगा बुजरा होता आणि त्याला मेन्यूतले पदार्थच नीट पाठ नव्हते. पाचव्या रात्रीपासून तो आईशी हातवारे करून बोलायलाही लागला.

तक्रार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केली तर सुधारणेला जागा असते. शेवटच्या दिवशी पैसे कापले तर त्या पोराला कळतही नाही की काय चुकलं, आणि कापलेल्या रकमेतला त्याचा वाटा तर जेमतेमच. बाकीचा फटका भांडी घासणाऱ्याला. शिक्षा द्यायचीच असेल तर ती ज्याची त्याला पोहोचेल अशा रस्त्याने द्यावी.

शेवटच्या रात्री भावोजींनी वेटरला ३० आणि असिस्टंटला १० दिले. ४० चे १० का केले, हे मी विचारलं नाही. मी हेड वेटरला २० दिले आणि आमच्या व आई-आत्याच्या केबिनतर्फे स्टुअर्डला शेवटच्या सकाळी ६०. भावोजींचं ८० चं पाकीटही आता त्याच्याकडेच राहणार होतं. हे वरचे आकडे कुठल्या नियमातून आलेले नाहीत. रोजची रक्कम चालू असेल तर वर काहीच दिलं नाही तरी कुणी बोट दाखवत नाही. वरचं जे आहे ते फक्त आत्याच्या स्टुलासाठी आणि दिव्यासाठी.

एक मात्र पुढच्या वेळी वेगळं करीन. स्टुअर्डला द्यायचं ते शेवटच्या सकाळपर्यंत ठेवणार नाही. शेवटच्या सकाळी त्याला फुरसतच नसते. आपण नऊच्या आसपास उतरतो आणि दुपारपासून नवे प्रवासी चढायला लागतात. तेवढ्या वेळात त्याला त्याच्या वाट्याच्या सगळ्या केबिन नव्याने लावायच्या असतात. आम्ही बॅगा घेऊन निघालो तेव्हा तो चादरींच्या ढिगामागून नुसता हात हलवू शकला.

आईचे आठ

घरी आल्यावर ईमेलने सर्वेक्षण आलं, प्रत्येक केबिनच्या नावाने वेगळं. पैशाइतकंच हेही मोलाचं असतं, कारण कुणाचं नाव किती वेळा आलं हे त्यांच्या सुपरवायझरपर्यंत जातं आणि बढती, पुढचा करार यांच्या वेळी त्याचा विचार होतो. नाव, काम आणि नेमकं काय केलं हे लिहिलेलं हवं. 'सगळे छान होते' याचा कुणालाच उपयोग नाही. भावोजींनी आपल्या फॉर्मात भाड्यात टीप धरा असं लांबलचक लिहिलं, आणि त्याच्या खाली स्टुअर्डचं नाव.

आईचा फॉर्म तिने स्वतः भरला, मुलाला टॅबवर वाचून दाखवायला सांगून. केबिनच्या सेवेला दहापैकी किती? आईने आठ दिले.

"आई, आठ का? त्याने आत्याला स्टूल आणलं."

"म्हणून तर आठ. मी कुणालाही सातच्या वर देत नाही. दहापैकी दहा फक्त देवाला."

अशा सर्वेक्षणांत बहुतेक वेळा नऊ आणि दहा एवढेच 'समाधानी' मोजले जातात. सात-आठ म्हणजे ना इकडचा ना तिकडचा. हे तिला समजावून सांगितल्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, "बदल की मग." पण फॉर्म पाठवून झाला होता आणि परत उघडत नव्हता. तिने मला माझ्या फॉर्ममध्ये स्टुलाचं लिहायला लावलं, दिव्याचंही, आणि पाठवण्याआधी सगळं मोठ्याने वाचून घेतलं.